‘तक्रार काही नाही, फक्त…’ : कर्करुग्ण आधार केंद्रातल्या लेखी अभिप्रायांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका कर्करुग्ण आधार केंद्रातलं आहे. केंद्राचं नाव, ठिकाण आणि कुणाची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. अभिप्रायांतली वाक्यं अर्थ न बदलता थोडी फिरवली आहेत. का फिरवली, ते शेवटी येईल.

मी तिथे नोंदी आणि अहवालांचं काम पाहते. केमो, रेडिएशन, ऑपरेशन हे सगळं हॉस्पिटलात होतं. आमच्याकडे लोक येतात ते मधल्या आणि नंतरच्या दिवसांत. समुपदेशन, दर आठवड्याचा ग्रुप, हातावरची सूज उतरवण्याचे व्यायाम, थकवा सांभाळून दिवस कसा बसवायचा याचं मार्गदर्शन, घरच्यांसाठी वेगळी बैठक, असं कामाचं स्वरूप.

अभिप्रायाचा फॉर्म एका पानाचा. वर पाच चौकोन, ‘अजिबात समाधानी नाही’पासून ‘पूर्ण समाधानी’पर्यंत. खाली दोन प्रश्न: ‘काय आवडलं?’ आणि ‘काही सूचना?’ ग्रुप संपला की ग्रुप घेणाऱ्या ताईच फॉर्म वाटायच्या, लोक लिहीपर्यंत तिथेच थांबायच्या आणि गोळा करून न्यायच्या. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणालाच, मलाही, त्यात काही खटकलं नव्हतं.

वर्ष संपताना संचालक मॅडम म्हणाल्या, “अहवालात टाकायला चांगले दहा-बारा अभिप्राय काढून दे.” कागद दोन खोके भरून होते.

अडचण

चौकोनांचा काही उपयोग नव्हता. जवळजवळ प्रत्येकाने शेवटच्या चौकोनात खूण केली होती. सगळेच पैकीच्या पैकी देत असतील तर सुधारणा झाली काय आणि बिघाड झाला काय, आकडा हलत नाही. आधार केंद्रात हे हमखास होतं, कारण माणूस कृतज्ञ असतो. ज्यांनी आपल्याला वाईट दिवसांत धरून ठेवलं त्यांना तीन मार्क कोण देणार?

म्हणून मी लिहिलेलं वाचायला बसले आणि पहिल्याच खोक्यात एक ठरावीक चाल दिसायला लागली. आधी दोन ओळी कौतुक, मग ‘तक्रार काही नाही’, आणि मग ‘फक्त’. ‘फक्त’च्या पुढे खरी गोष्ट. कुणी ‘सहज लिहिलं’ असं म्हणून झाकण ठेवायचं, कुणी ‘कुणाची चूक नाही’ असं म्हणून.

“ताई खूप प्रेमाने वागतात. तक्रार काही नाही. फक्त कधी कधी सगळं बोलता येत नाही.”

“नवीन लोक असले की मी जास्त बोलत नाही. त्यांना कशाला घाबरवायचं.”

“परत आलाय हे सांगितलं त्या दिवशी सगळे गप्प झाले. मग विषय बदलला. कुणाची चूक नाही.”

आमच्या ग्रुपमध्ये सगळे एकत्र बसायचे. नुकतं निदान झालेले, उपचार पूर्ण झालेले आणि ज्यांचा आजार उलटला आहे किंवा दुसऱ्या अवयवांत पसरला आहे असेही. या शेवटच्या लोकांचे उपचार बहुतेक वेळा आजार आटोक्यात ठेवण्यासाठी असतात, तो कायमचा घालवण्यासाठी नव्हे. ग्रुपची एक लाडकी पद्धत होती: कुणाची शेवटची केमो झाली की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ज्यांची केमो अशा अर्थाने कधी संपणारच नाही, तेही टाळ्या वाजवत होते.

पण अशी वाक्यं किती कागदांवर होती? दोन खोक्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ही ग्रुपची अडचण म्हणायची की पाच-सहा जणांचा स्वभाव, हे ठरवणं अवघड होतं. शिवाय जे खोक्यात नाहीत त्यांचं काय? यायचं सोडून दिलेले, अंथरुणाला खिळलेले, गेलेले. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन यांसारख्या औषधांनी बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, पेन धरवत नाही. त्यामुळे ‘छान’ एवढा एकच शब्द लिहिणाऱ्याला सांगायचं फार नव्हतं, असं मानणं चुकीचं ठरलं असतं. कदाचित बोटांनी तेवढीच परवानगी दिली असेल.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सरळ होता: मागितले तेवढे चांगले अभिप्राय काढायचे, तासाभरात काम संपवायचं. खोटं काहीच लिहावं लागलं नसतं. हा पर्याय मी नाकारला, पण लगेच नाही. दोन दिवस खोकी टेबलाखाली सरकवून ठेवली होती.

दुसरा पर्याय संगणकाचा. शब्द मोजायचे किंवा मजकुराचा सूर चांगला की वाईट हे ओळखणारं सॉफ्टवेअर वापरायचं. खऱ्या लोकांच्या आजाराची माहिती बाहेरच्या कुठल्या यंत्रणेत टाकायची नाही यावर आमचं एकमत होतं, म्हणून मी स्वतः रचलेली वाक्यं घालून पाहिली. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा कोलमडले’ याला चांगला शेरा मिळाला. ‘निगेटिव्ह आला, सुटलो’ वाईटात गेलं. ‘इथे येऊन मनसोक्त रडले’ हेही वाईटात, आणि आमच्या कामात याहून मोठं कौतुक नसतं. आपोआप विषय शोधणाऱ्या पद्धतीही आहेत (त्यातली सर्वांत प्रसिद्ध, एलडीए, २००३ मध्ये मांडली गेली), पण त्यांना भरपूर आणि लांब मजकूर लागतो. अर्ध्या ओळीच्या चिठ्ठ्यांवर त्यांचं फारसं चालत नाही.

तिसरा, बाहेरच्या संस्थेला काम देणं. तटस्थपणा मिळाला असता. पण ‘सांभाळून घेतात’ म्हणजे आमच्या खोलीत नेमकं काय, हे त्यांना कोण सांगणार?

चौथा, स्वतः वाचणं. शिस्तीने. व्हर्जिनिया ब्राऊन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेली आशयसूत्रांची पद्धत आम्ही आधाराला घेतली: आधी सगळं वाचून मुरवायचं, मग छोट्या छोट्या अर्थांना सांकेतिक नावं द्यायची, त्यांतून सूत्रं जुळवायची, ती मूळ मजकुराशी पुन्हा ताडायची, त्यांना नेमकी नावं द्यायची आणि शेवटी लिहून काढायचं. टप्पे सहा, पण प्रत्यक्षात आपण चौथ्यावरून तीनदा दुसऱ्यावर येतो.

वाचायचं कुणी, हा खरा वादाचा निर्णय होता. ताईंना स्वतः वाचायचं होतं. “माझा ग्रुप आहे. मला अक्षरावरून कळेल कोण काय म्हणतंय.” त्यांनी वाचू नये याचं कारण नेमकं हेच होतं. त्या दुखावल्या. “एवढ्या वर्षांत विश्वास नाही का माझ्यावर?” मी उत्तर दिलं ते गुळमुळीतच होतं. शेवटी वाचणारे तिघं ठरलो: मी, ग्रुपशी संबंध नसलेली फिजिओथेरपिस्ट, आणि काही वर्षांपूर्वी उपचार पूर्ण करून आता केंद्रात स्वयंसेवक म्हणून येणारे एक काका. मूळ कागद फक्त मी पाहायचे. बाकी दोघांना ओळख काढून टाईप केलेला मजकूर मिळणार.

पहिल्याच बैठकीत काका म्हणाले, “यात माझेही जुने असतील. मी कायम ‘सर्व उत्तम’ लिहायचो. ताई समोर उभ्या असायच्या ना.”

काय केलं

टाईप करताना नियम ठेवला: जसं लिहिलंय तसं, शुद्धलेखन न सुधारता. नावं काढायची, पण तेवढं पुरत नाही. दुर्मीळ कॅन्सर, वय आणि बैठकीचा वार एकत्र आले की आमच्यासारख्या लहान केंद्रात माणूस उघडा पडतो. म्हणून या तिन्हींपैकी कामाला लागेल तेवढंच ठेवलं.

एका कागदावर पहिली ओळ खोडलेली होती. उजेडात धरली असती तर वाचता आली असती. ‘ग्रुपमध्ये मला’ एवढं तर न धरताही दिसत होतं. खाली ठळक अक्षरात: ‘सर्व छान’. फिजिओथेरपिस्टच्या मते खोडलेलं हीच सर्वांत खरी माहिती होती. काका म्हणाले, “खोडलं म्हणजे परत घेतलं.” बराच वेळ बोलून ठरलं, की खोडलेला मजकूर वाचायचा नाही, ‘एक ओळ खोडली आहे’ एवढीच नोंद करायची. अशा नोंदी आणखी निघाल्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या ‘सूचना’च्या चौकटीत होत्या. मजकूर न वाचताही ते बरंच काही सांगून गेलं.

लिहिणारं कोण, हा दुसरा गुंता. फॉर्मवर ‘रुग्ण’ लिहिलेलं असलं तरी पेन मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात असतं. मराठी क्रियापद इथे मदतीला येतं. बाईच्या नावच्या फॉर्मवर ‘मी आलो’ दिसलं की थांबायचं. कुठे ‘आम्हाला खूप आधार वाटला’, कुठे मध्येच ‘त्यांना आता बरं वाटतं’. असे कागद वेगळ्या गठ्ठ्यात गेले, कारण घरच्या माणसाचा दिलासा आणि रुग्णाचा दिलासा एक नसतो.

मग सांकेतिक नावं देणं. तिघांनी स्वतंत्रपणे काही कागद वाचले आणि ताडून पाहिले. किती ठिकाणी जुळलं याची टक्केवारी काढायचा मोह होतो, पण ती फसवी असते. समजा दोघांनी १०० अभिप्राय वाचले, दोघांनीही ९० ना ‘कौतुक’ म्हटलं आणि ८४ ठिकाणी त्यांचं जुळलं. ८४ टक्के भारी वाटतं. पण ९० टक्के गोष्टींना डोळे मिटून ‘कौतुक’ म्हणणारी दोन माणसं निव्वळ योगायोगानेही ८२ टक्के जुळतात. योगायोग वजा करणारा कोहेनचा ‘कप्पा’ हा आकडा (जेकब कोहेन, १९६०) अशा वेळी ०.११ च्या आसपास येतो, म्हणजे जुळणं नावापुरतंच. आशयसूत्रांच्या पद्धतीत या आकड्याला तसंही फार महत्त्व देत नाहीत. आम्हालाही आकड्यापेक्षा मतभेदच जास्त उपयोगी पडले.

सर्वांत मोठा मतभेद ‘सांभाळून घेतात’ यावर. मी त्याला निःशंकपणे कौतुकात टाकलं होतं. काकांनी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. “सांभाळून घेतात म्हणजे आपल्यात काहीतरी सांभाळण्यासारखं आहे, हे दोघांनाही कळलेलं असतं. मला कुणी सांभाळून घेतलं की मी कमी बोलायचो.” मग आम्ही तो शब्द असलेले सगळे कागद पुन्हा काढले. काही ठिकाणी ते खरोखरच कौतुक होतं. काही ठिकाणी त्याच्या पुढच्या ओळीत ‘फक्त’ होतं.

तोवर ‘आजार उलटलेल्यांकडे दुर्लक्ष’ अशा नावाचं सूत्र माझ्या डोक्यात पक्कं झालं होतं. ते मोडलं एका नव्या माणसाच्या कागदाने: “ज्यांचा परत आलाय त्यांचं ऐकलं की त्या रात्री झोप लागत नाही. पण उठून कसं जायचं, त्यांना काय वाटेल.” असे आणखी सापडले. म्हणजे दुर्लक्ष नव्हतंच. दोन्ही बाजू एकमेकांना जपत होत्या आणि त्या जपण्यात दोघांचंही बोलणं बंद झालं होतं. नाव बदलून ‘जपण्यातलं गप्प राहणं’ असं केलं. नुसती मोजणी केली असती तर हे दोन गठ्ठे दोन वेगळ्या, किरकोळ तक्रारी म्हणून तळाला गेले असते.

एक कागद

दुसऱ्या खोक्याच्या मध्यावर एक फॉर्म निघाला. पाचवा चौकोन भरलेला. ‘सूचना’मध्ये: “आता पुरे झालं. घरच्यांची तरी सुटका होईल.” नाव नाही. तारीख चार महिने जुनी.

काम तिथेच थांबलं. संचालक, ताई आणि आम्ही तिघं त्याच दुपारी बसलो. जिवाला धोका दिसला तर गोपनीयता बाजूला ठेवता येते, हे समुपदेशनात सर्वमान्य आहे. पण हा धोका होता, थकवा होता, की घरच्यांवरच्या प्रेमाचं एक वाक्य? आणि फॉर्मवर तर आम्हीच छापलं होतं, ‘नाव लिहिणं ऐच्छिक’. ताईंचं म्हणणं, अक्षर हजेरीपटाशी जुळवून माणूस शोधा. संचालकांचं म्हणणं, एकदा असं केलं की यापुढे कुणी खरं लिहिणार नाही.

मधला रस्ता काढला. त्या महिन्यात आलेल्या प्रत्येकाला समुपदेशकांनी साधा विचारपुशीचा फोन केला. कागदाचा उल्लेख नाही. बोलता बोलता मनाचा ताण ० ते १० मध्ये किती, हे विचारलं. हे ताणमापक कर्करोगाच्या उपचारांत नेहमी वापरलं जातं आणि साधारणपणे ४ किंवा अधिक आल्यास पुढे नीट विचारपूस करतात. त्यातून काही जण पुन्हा समुपदेशनाला आले. घरच्यांवर ओझं झाल्याची आणि मरणाच्या विचारांची गोष्ट तिथे थेट, स्पष्ट शब्दांत विचारली गेली. यादीतल्या एका व्यक्तीचं मधल्या काळात आजाराने निधन झालेलं होतं.

तो कागद कुणाचा, हे आजही माहीत नाही. अक्षर जुळवायला हवं होतं का, यावर माझं मत दर काही महिन्यांनी बदलतं. चार महिने मात्र कुठल्याच तर्काने माफ होत नाहीत.

निर्णय आणि निष्पत्ती

निष्कर्ष मांडल्यावर ताई पहिल्यांदा काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “टाळ्या मीच सुरू केल्या होत्या.” वेगळ्या ग्रुपची कल्पना मात्र त्यांचीच.

कल्पना नवी नव्हती. आजार पसरलेल्या स्तनकर्करुग्ण स्त्रियांसाठी मरणाबद्दल मोकळेपणाने बोलू देणारे स्वतंत्र ग्रुप डेव्हिड स्पीगल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत चालवले होते. ८६ स्त्रियांच्या त्या अभ्यासात ग्रुपमधल्या स्त्रिया जास्त जगल्याचं १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि त्याचा फार गाजावाजा झाला. २००१ मध्ये २३५ स्त्रियांच्या कॅनडातल्या चाचणीत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मानसिक त्रास आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली, विशेषतः ज्यांना सुरुवातीला जास्त त्रास होता त्यांच्यात. आम्ही संचालकांना दुसरा निकाल आधी सांगितला. ग्रुपने आयुष्य वाढतं अशी आशा दाखवून कुणाला बोलवायचं नव्हतं.

सुरुवात अडखळतच झाली. दारावर ‘पुढच्या टप्प्यातील रुग्णांसाठी’ अशी पाटी लावली होती. एक बाई पाटी वाचून माघारी गेल्या आणि फोनवर म्हणाल्या, “मला वेगळ्या खोलीत बसवताय का?” पाटी निघाली. आता त्याला ‘गुरुवारचा ग्रुप’ म्हणतात आणि कुणीही दोन्हीकडे बसू शकतं. पहिल्या काही आठवड्यांत तीनच माणसं होती. स्कॅनच्या आदल्या रात्रीबद्दल, मुलांना किती सांगायचं याबद्दल, बँकेचे कागद कुणाला दाखवून ठेवायचे याबद्दल तिथे बोलणं व्हायला लागलं. या ग्रुपमध्ये माणसं जातात. ताईंना त्यासाठी स्वतःचं समुपदेशन लागेल, हे आम्ही आधी धरलं नव्हतं; तिसऱ्या निधनानंतर ते सुरू केलं.

टाळ्या बंद केल्या. त्याबद्दल पुढच्या फॉर्मवर दोघांनी नाराजी लिहिली, आणि त्यांचंही बरोबर होतं. सात-आठ महिने त्या टाळ्यांची वाट पाहिलेली असते. आता ज्यांना हवं त्यांच्यासाठी ग्रुप संपल्यावर, थांबतील तेवढ्यांमध्ये होतं.

फॉर्म बदलला. ‘काही सूचना?’ गेलं, त्या जागी ‘आज बोलायचं राहून गेलं असं काही?’ आलं. ताई खोलीबाहेर जातात, कागद दाराजवळच्या पेटीत पडतो, पेटी दर शुक्रवारी उघडते. पेन धरवत नसेल तर बोलून रेकॉर्ड करता येतं. सर्वांत वर ठळक छापलंय: ‘हा कागद लगेच वाचला जात नाही. आत्ता बोलायचं असेल तर समुपदेशकांना थेट फोन करा.’ खाली एक चौकोन: ‘मला फोन करा’.

समाधानाचा आकडा घसरला. संचालक मॅडमना वरून विचारणा झाली, आणि त्यांनी लोक आता जास्त लिहितात हे दाखवायला कोऱ्या जागांचे जुने-नवे कागद शेजारी शेजारी ठेवले. ते पटलं की नाही, कोण जाणे. निधी मात्र थांबला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

काकांना तिसऱ्या आठवड्यात नव्हे, पहिल्या दिवशी बोलावलं असतं. फॉर्ममधले प्रश्नही त्यांच्यासारख्यांनीच तयार करायला हवे होते.

यायचं सोडलेल्यांना आम्ही विचारलंच नाही. गप्प राहण्याची सर्वांत टोकाची पायरी म्हणजे न येणं, आणि त्या लोकांचा एकही कागद अभ्यासात नव्हता.

अहवालात एक वाक्य जसंच्या तसं छापलं. नाव नव्हतं, वय नव्हतं. लिहिणाऱ्या बाई तोवर गेल्या होत्या. त्यांच्या मुलीने ते वाचलं आणि ओळखलं. आईची एक खास म्हण त्यात होती. ती रागावली नाही, तिला ती ओळ हवी होती, मूळ अक्षरातली. द्यायची का, यावर आमच्याकडे नियम नव्हता. दुसऱ्या कुणाला तेच वाक्य असं अचानक सापडणं सोसलं नसतं. तेव्हापासून वाक्यं फिरवून छापतो, आणि ‘तुमचं लिहिलेलं वापरलं तर चालेल का’ हा प्रश्न फॉर्मवर आला.

पुरुषांच्या कागदांचं कोडं अजून सुटलेलं नाही. नवा प्रश्न, पेटी, रेकॉर्डिंग, सगळं करूनही बहुतेकांचं उत्तर एकाच शब्दाचं येतं: ‘ठीक’. काकांनी त्यासाठी वेगळा गठ्ठा केलाय आणि पुढच्या महिन्यापासून फॉर्म न देता, ग्रुपनंतर रिक्षा येईपर्यंत फाटकाशी उभं राहून बोलून बघतो म्हणालेत. ते बोलणं लिहून ठेवायचं की नाही, यावर शुक्रवारी बैठक आहे.